साडेसहा किलोंचा आवाज

३ मार्च, रविवार

धूर! खराखुरा धूर! माझ्या गिटारच्या ॲम्पमधून, हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये, भर दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, दुसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर! आधी वास आला. मला वाटलं, स्वयंपाकघरात काहीतरी करपलं. मग मागून सिस्टर ड्रमवरचे ब्रश न थांबवता ओरडली — "अगं, तू पेटलीस!"

वायर उपटली. खिडकीजवळच्या टेबलावरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असणार! पुढचा पाऊण तास सिस्टर आणि आमचा बासवाला खांब दोघांनीच निभावला. मी गिटार पोटाशी धरून हसत बसले होते. थांबताच येईना!

अकरा वर्षं आम्ही तिघं सिस्टरच्या गच्चीवर जॅझ वाजवतोय. ती हाडांच्या वॉर्डात नर्स, खांब बँकेत खिडकीमागे (मावत नाही तिथे, सव्वासहा फूट आहे, तो वाजवतो त्या उभ्या, खर्जाच्या बासएवढाच), आणि मी लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवते. अकरा वर्षांनी कुणीतरी म्हणालं — या, तीन रविवार वाजवून दाखवा, आवडलं तर वर्षभर तुम्हीच. आणि पहिल्याच रविवारी हे!

मॅनेजर निघताना म्हणाले, "संगीत छान आहे. पुढच्या वेळी धूर नको."

रडायला यायला हवं होतं ना? येतच नाहीये. छान आहे म्हणाले. छान!

४ मार्च, सोमवार

दुरुस्तीवाल्या काकांनी ॲम्पची पाठ उघडली आणि डॉक्टर करतात तसं नुसतं "हं" केलं. मोठा ट्रान्सफॉर्मर जळलाय. तसला हल्ली मिळत नाही. "शोधतो. महिना धरा. दोन धरा." मग चष्मा वर करून — "बाई, हा ॲम्प आहे की कपाट?"

कपाटच आहे. चोवीस किलो. हॉल तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट फक्त पाहुण्यांसाठी. काल मी आणि खांबाने दोन बाजूंनी धरून चढवला. तो सव्वासहा फूट, मी पाच फूट एक — सगळं वजन घरंगळत माझ्याकडे! कंबर आज दिवसभर माझ्याशी वेगळी बोलतेय.

नवऱ्याला उचलायला सांगायची सोय नाही. हर्नियाचं ऑपरेशन होऊन दीड महिना झालाय, भरलेली बादलीसुद्धा मना आहे. पण तो भूगोलाचा मास्तर. उचलता येत नसलं तरी मोजता येतं, नियम करता येतात. जेवण झाल्याबरोबर कागद घेऊन फ्रिजवर चिकटवला —

जादाचा ॲम्प. एक — एका हातात मावणारा. दोन — तीन मजले न थांबता. तीन — आपल्या ऐपतीतला.

खाली सही आणि तारीख! मी पेन घेऊन लिहिलं, चार — आवाज माझा हवा.

"म्हणजे कसा?"

म्हटलं, मी एका वेळी चार-पाच स्वर दाबते. ते पाचही वेगळे ऐकू आले पाहिजेत. धार नको, खरखर नको, गोलसर हवा. आणि सिस्टर ड्रम वाजवत असताना ऐकू आला पाहिजे.

"म्हणजे शिस्तीतला वर्ग."

"नाही रे. मधल्या सुट्टीतला वर्ग. फक्त प्रत्येकाचा आवाज ओळखू यायला हवा."

त्याला हे एकदम पटलं. पाच मिनिटं मान हलवत होता.

५ मार्च, मंगळवार

लॅबमधून लवकर सुटून वाद्यांच्या दुकानात. विक्रेत्याने शेंडी बांधलेली, उत्साह ओसंडून चाललेला. मी काही बोलायच्या आत त्याने एक काळा ॲम्प लावला आणि स्वतःच गिटार घेऊन असा काही कल्लोळ केला की कपाटांच्या काचा थरथरल्या. "बघा मॅडम, कसा फाडतो!"

"मला फाडायचं नाहीये," म्हटलं, "मला शिवायचंय!"

"मग... नेमकं काय वाजवता?"

"जॅझ."

त्याने असं पाहिलं, जणू मी मेणबत्तीवर चालणारा पंखा मागितला. मग आतून तळहाताएवढा एक ॲम्प आणला. बॅटरीवर चालतो, कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा. वजन पाव किलो! मास्तरांचे तीनही नियम एका दमात पास! पाच स्वरांची कॉर्ड वाजवली — काडेपेटीत कोंडलेली माशी. आणि माशीला सर्दी.

एकूण सात ॲम्प वाजवले. सातही नापास. दीड तास कसा गेला कळलं नाही. बोटं हुळहुळतायत, पाय जमिनीवर नाहीत. पसंत काहीच नसताना माणूस एवढं खूश कसं असू शकतं?

६ मार्च, बुधवार

कुणाची तरी डावी दाढ आज उजवीकडे बसता बसता राहिली. मन ताळ्यावर नाही!

७ मार्च, गुरुवार

शेंडीवाला भला माणूस निघाला. साध्या लाकडी गिटारीसाठी असतो तो ॲम्प त्याने एका दिवसाच्या बोलीवर घरी दिला. आठ किलो. देखणा, तपकिरी कातड्याचा, वर मूठ. मास्तराने न्हाणीघरातला वजनकाटा आणून खात्री केली, हातात न घेता — मला धरायला लावून, मग माझं वजन वजा करून! (ते आकडे इथे लिहिणार नाही.)

लावला. आवाज स्वच्छ. फारच स्वच्छ! माझं नख तारेला लागलं तरी ऐकू येतंय. तारेवरून बोट सरकलं तरी ऐकू येतंय. मी श्वास घेतला तर तोही ऐकू येईल अशी भीती.

आतल्या खोलीतून सासूबाई — "काय गं, भांडी घासतेस का?"

"गिटार वाजवतेय, आई."

"तारेच्या चोथ्याने?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, डाव्या कानाने जवळजवळ काहीच नाही, आणि तरी एका वाक्यात निकाल! ट्रेबल, म्हणजे वरच्या स्वरांची धार, पार शून्यावर नेला तरी भांडी घासली जातच होती, फक्त शेजारच्या घरात.

परत.

९ मार्च, शनिवार

उद्या दुसरा रविवार आणि हातात ॲम्प नाही. पण आजचा प्रकार लिहिलाच पाहिजे!

खांबाच्या भाच्याकडचा ॲम्प मिळाला, वापरायला. नवीन तऱ्हेचा — आत एकशे वीस आवाज आहेत म्हणे, कुठलाही निवडा, फोनवरून. सिस्टरच्या गच्चीवर आम्ही तिघंही त्याच्याभोवती उकिडवे बसलो. पहिला आवाज गुहेतला. दुसरा विहिरीतला. सत्तावन्नावा काय होता देव जाणे, खालच्या मजल्यावरचा कुत्रा रडायला लागला. शेवटी सिस्टरला एक्क्याण्णव नंबरला "जॅझ" लिहिलेलं सापडलं. आनंदीआनंद! मी गिटार उचलली, खांबाने एक-दोन-तीन-चार म्हटलं, आणि ॲम्प बंद. फोनवर सूचना — नवीन आवृत्ती उतरवत आहोत, कृपया वाट पाहा.

वाट पाहिली. चहा झाला. सिस्टरने कपडे वाळत घातले. अजून वाट पाहा!

"याला वॉर्डात पाठवा," सिस्टर म्हणाली, "तिथे त्याच्यासारखे बरेच आहेत."

खांब जिन्यात मला म्हणाला, "उद्या माझ्याच ॲम्पमध्ये घुस. दोन भोकं आहेत त्याला."

"बासच्या ॲम्पमध्ये गिटार?"

"धूर तर येणार नाही."

१० मार्च, रविवार

अरे देवा, अरे देवा, अरे देवा!

खांबाचा तो छोटा काळा डबा. तो बाससाठीच केलेला आहे, जाड आवाजासाठी. मी भीतभीत वायर घातली. पहिली कॉर्ड — आणि खांबाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सिस्टरनेही. हा माझा आवाज! उबदार, गोल, कडा नसलेला. मेण हातात मऊ होतं ना, दात बसवण्याआधी, अगदी तसा! अकरा वर्षं मी चोवीस किलोंच्या कपाटातून जे काढायचा प्रयत्न करत होते, ते या डब्यात नुसतं पडून होतं. बासच्या डब्यात! मला कुणी सांगितलं का नाही?

अर्थात दोघं एका डब्यात म्हणजे एका पांघरुणात दोघं. खांब खालचा स्वर घेतो तेव्हा माझे वरचे गुदमरायचे, मी जोर लावला की त्याचा बास बसायचा. शेवटच्या अर्ध्या तासात आम्ही एकमेकांकडे बघून आळीपाळीने वाजवत होतो, अरुंद जिन्यात समोरासमोर आल्यासारखं — आधी तुम्ही, नाही नाही आधी तुम्ही!

मॅनेजर म्हणाले, "आज धूर नव्हता. पण गर्दी वाटली." कान आहेत माणसाला!

पुढचा रविवार शेवटचा. त्यावर सगळं. पण आता मला माहीत आहे काय शोधायचं — बासचा छोटा ॲम्प. माझा स्वतःचा.

११ मार्च, सोमवार

शेंडीवाल्याकडे एकच आहे, नवा कोरा. किंमत ऐकून मास्तराने फ्रिजवरचा तिसरा नियम दोनदा अधोरेखित केला.

पण दुरुस्तीवाल्या काकांकडे डोकावले (ट्रान्सफॉर्मर नाही मिळाला) आणि त्यांच्या भिंतीवर, जुन्या पंख्यांच्या पावत्यांमध्ये, एक चिठ्ठी टाचलेली — "बास-गिटारचा लहान ॲम्प विकणे आहे. आठ इंची स्पीकर. चालू." खाली फोन नंबर, सुवाच्य अक्षरात.

"कधीपासून आहे ही?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"असेल तीन-चार महिने. कुणाला हवाय बासचा ॲम्प?"

मला! मला! मला!

१२ मार्च, मंगळवार

चिठ्ठीवाल्यांचं घर, पहिला मजला. दार उघडलं ते गळ्यात मोजपट्टी अडकवलेल्या बाईने. घरीच शिवणकाम करतात. मशीनवर निळं कापड अर्धवट, तोंडात दोन टाचण्या. "या ताई. बाबांचा आहे, माझ्या सासऱ्यांचा," टाचण्या काढून त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चाळीस वर्षं नाचघरात बास-गिटार वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी झटका आला, डावा हात गेला. बोलतातही कमी. तुम्ही त्यांचं मनावर घेऊ नका."

बाबा खिडकीशी बसले होते, आमच्याकडे पाठ. डावा हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवलेल्या वस्तूसारखा. वळले नाहीत.

ॲम्प कोपऱ्यात, उशीचा अभ्रा घातलेला. अभ्रा काढला. एक ओरखडा नाही! मूठ तेवढी झिजलेली. उचलला — एका हातात! मी येडपटासारखी खोलीतल्या खोलीत त्याला घेऊन फिरले.

वायर लावली. गिटार गुडघ्यावर. एक संथ गाणं सुरू केलं. बरं वाटत होतं, पण जरा घोगरं. खिडकीतून आवाज आला —

"बास कमी कर."

सूनबाई दचकल्या. मी चकती मागे घेतली.

"अजून. तो बासचा ॲम्प आहे, बास त्याच्या पोटात आहेच. वेगळा घालायचा नाही."

अजून मागे. "आता गिटारची टोनची चकती. अर्धी. अर्धी म्हटलं, पाव नाही!" पाठ तशीच खिडकीकडे. "हं. आता वाजव."

वाजवलं. कसं लिहू? पाच स्वर पाच माणसांसारखे खोलीत येऊन बसले. आपापल्या खुर्चीत. मी हसायला लागले. वाजवताना हसायला लागले, तशीच हसत दुसरं गाणं, तिसरं गाणं. सूनबाई हातात कात्री घेऊन उभ्याच. निळं कापड तसंच. मला दिसलं, बाबांचा उजवा पाय चपलेत ताल धरतोय.

थांबले, वायर काढली.

"घेऊन जा," बाबा म्हणाले. "इथे नुसता अभ्रा घालून बसलाय."

घासाघीस केलीच नाही, सूनबाईंनी सांगितले तेवढे पैसे दिले. सूनबाई जिन्यापर्यंत आल्या. "महिन्याभरात एवढं बोलले नव्हते," म्हणाल्या आणि घाईने आत गेल्या.

घरी चालत आले. बस दोनदा सोडली. मला तो उचलून चालायचंच होतं!

१३ मार्च, बुधवार

साडेसहा किलो! वजनकाट्याने शिक्कामोर्तब केलं. मास्तराने फ्रिजवरच्या एक, दोन, तीनपुढे बरोबरच्या खुणा केल्या. चौथ्यापुढे पेन माझ्या हातात दिला. मी इतकी मोठी खूण केली की कागद फाटला.

सासूबाईंची परीक्षा संध्याकाळी. त्यांची कवळी मीच बनवलेली, खालची जरा सैल झालीये, बसवायला वेळ होत नाही मला. खुर्ची ॲम्पसमोर ओढून बसल्या. मी सगळ्यात जाड तार छेडली — आणि कवळी कडकड वाजली! त्यांनी तोंडावर हात ठेवला. मी बासची चकती केसभर मागे घेतली. पुन्हा तार. कवळी गप्प.

"आता बरोबर," त्या म्हणाल्या. "पोटात लागतोय, दातांना लागत नाही."

चकतीवर तिथेच पेन्सिलीने खूण केली. जगात कुणाकडे असं उपकरण नसेल! हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी. मग शुक्रवारी कवळी दुरुस्त करायचं वचन दिलं.

"रविवार होऊ दे आधी," म्हणाल्या. "तोपर्यंत लागेल तुला."

१५ मार्च, शुक्रवार

गच्चीवर तालीम. सिस्टर मुद्दाम जोरात वाजवून बघत होती. बुडवूच शकली नाही!

१७ मार्च, रविवार

तीन मजले. एका हातात ॲम्प, पाठीवर गिटार, न थांबता! वर पोचले तेव्हा खांब अजून पहिल्या मजल्यावर आपल्या बासला वळणावरून फिरवत होता. मास्तर सासूबाईंना घेऊन आला होता, पहिल्यांदाच! लिफ्टने — पाहुणे होते ना ते.

काय सांगू. काहीच चुकलं नाही असं नाही. तिसऱ्या गाण्यात मी एक अख्खी ओळ विसरले आणि भलतंच वाजवलं, तर खांब त्याच भलत्यात शिरला, सिस्टर त्याच्यामागून, आणि ते भलतंच दिवसातलं सगळ्यात चांगलं ठरलं! लोकांचे काटे-चमचे थांबले. वाढणारे दोघं भिंतीला टेकून उभे. माझा आवाज हॉलच्या टोकापर्यंत जाऊन, वळून, परत येत होता, आणि कुणाच्या बोलण्याच्या आड येत नव्हता.

मॅनेजर शेवटी आले. ॲम्पकडे पाहिलं. त्याच्या मागे पाहिलं. "एवढाच?"

"एवढाच."

"वर्षभर. दर रविवारी. पुढच्या रविवारपासून."

सिस्टरने खांबाला मिठी मारली, म्हणजे त्याच्या कमरेला. मास्तर भर हॉलमध्ये एकट्याने उभा राहून टाळ्या वाजवत होता. सासूबाई त्याला खाली ओढत होत्या — "बस रे, लोक बघतायत!" — आणि स्वतः उठून उभ्या!

१८ मार्च, सोमवार

काकांचा फोन. कपाट गेलं. ट्रान्सफॉर्मर मिळाला होता, पण आत बाकीचंही जळलंय. "चांगला मुक्काम केला त्याने," म्हणाले. वाईट वाटलं. खरंच वाटलं. दहा मिनिटं. मग आठवलं की जादाचा म्हणून आणलेलाच आता एकुलता एक, आणि तो आत पलंगाशेजारी आहे, हात लांब केला की लागतो!

२१ मार्च, गुरुवार

दुपारी लॅबमध्ये फोन. सूनबाई. "ताई, रागावू नका. बाबांनी काल माळ्यावरून गिटार काढायला लावली. डाव्या हाताची दोन बोटं दाबतायत — दोनच. आवाज येत नाही म्हणून चिडलेत. ॲम्प कुठे गेला, विचारतायत. पैसे मी आजच..."

अर्धी रजा टाकली. घरून ॲम्प उचलला आणि नेऊन त्यांच्या खुर्चीशी ठेवला. या वेळी बाबा खिडकीला पाठ करून बसले होते. दोन स्वर वाजवले. पुन्हा तेच दोन. मी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटक्या वाजवायला लागले.

"चौथीला घाई करतेस," म्हणाले.

तीन दिवसांवर रविवार. ॲम्प नाही. रिकाम्या हातांनी घरापर्यंत शीळ घालत आले.